परत आलीस तवा संगं कोण होतं

परवा आमच्या मावसभावानं मोबाइलवर एक नकाशा पाठवला. जिल्हे रंगवलेले. जिथं तान्ही बाळं कमी मरतात तिथं हिरवा रंग, जिथं जास्त मरतात तिथं तांबडा. खाली त्यानं लिहिलं होतं, "बघ, आपण हिरव्यात." मी बेळगावात एका दवाखान्याच्या नोंदणीच्या टेबलावर बसते. समोर रांग लागली होती, तरी मी तो नकाशा दोन बोटांनी ताणून ताणून बघितला. कणकुंबीच्या पलीकडं जंगलात एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावाची काही चूक नाही. नकाशात ते दिसतसुद्धा नाही. पण त्या हिरव्या रंगाच्या खाली ते आहे, आणि ते हिरवं कसं झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. डोकं असं फिरलं की पुढच्या पेशंटाचं नाव मी दोनदा चुकीचं टाइप केलं.

मग विशाखा आक्काची आठवण आली असं काही म्हणणार नाही. ती आठवायला लागतच नाही. कुणी "किती मुलं तुम्हाला?" असं भसकन विचारलं, की माझ्या कानात ती बोलते, "असं न्हवं गं इचारायचं."

मी सर्वेच्या कामात होते तेव्हा आक्का आमच्या टीमची सुपरवायझर होती. सर्वे म्हणजे सरकारचा, अख्ख्या देशाचा. सगळ्या घरात जात नाहीत. काही गावं निवडतात, गावातली काही घरं निवडतात, आणि त्या घरातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना बसून विचारायचं. लग्न कधी झालं, मुलं किती झाली, कुठं झाली, जगली किती. त्या थोड्या बायकांच्या उत्तरांवर पुढं देशाचे आकडे उभे राहतात. काम सरकारचं, पण पोरी नेमायचा आणि जीप फिरवायचा ठेका एका कंपनीकडं. कंपनी कुठली ते विचारू नका, सगळ्या तसल्याच.

आक्का निपाणीची. बौद्ध घर. आईनं आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काम केलं, आणि त्या वखारीच्या धुळीत पोरीला एम.ए. केलं. अंगानं लहानखुरी, आवाज जाड, आणि केस तिशीतच पांढरे झालेले. रंग लावत नसे. "माझं वय केसाला इचारायचं न्हाय, मला इचारायचं," म्हणायची. लग्न होऊन चिकोडीकडं गेली होती आणि थोड्याच वर्षात आईकडं परत आली होती, इतकंच आम्हाला माहीत. त्याच्यापुढं कुणी गेलं नाही. तिच्यासमोर जायची छातीच नव्हती कुणाची.

ती ओरडत नसे. ओरडणारी माणसं बरी, एकदा ओरडून मोकळी होतात. आक्का रागावली की चष्मा काढायची, पदरानं हळूहळू पुसायची आणि म्हणायची, "परत सांग." आपण परत सांगायचं. ती काच उजेडात धरून बघायची. "आजून एकदा सांग." तिसऱ्यांदा सांगताना आपलं खोटं आपल्यालाच नकोसं व्हायचं. आमच्यातली एक पोरगी एकदा ह्या "परत सांग"ला वैतागून म्हणाली, "आक्का, तुम्हाला एवढा राग का येतो हो?" आक्का चष्मा डोळ्यावर चढवत म्हणाली, "तुला का येत न्हाय ते सांग आदी."

तिचे काही नियम होते. पहिला चहाचा. कुणाच्याही घरी मुलाखत संपेपर्यंत चहा घ्यायचा नाही. "चा पिला की माणूस पावणा हुतोय. आन पावण्याला कुणी घरातलं खरं सांगतंय व्हय?" पाणी चालायचं. पाण्यावरूनही काय काय व्हायचं ते मी बघितलंय. आमच्याच येळ्ळूरच्या बाजूला एका घरात बाईनं आधी आक्काला आडनाव विचारलं. आक्कानं सांगितलं. बाईनं मला तांब्या-भांडं दिलं आणि आक्काला खिडकीतला एक वेगळा पेला. मी उठायलाच निघाले. आक्कानं माझा हात दाबला. ते पाणी शांतपणे पिली, पूर्ण मुलाखत घेतली, त्या बाईचं एक गेलेलं पोर अलगद विचारून घेतलं, बाई रडली तेव्हा गप बसली. बाहेर आल्यावर मी फणफणत होते. आक्का म्हणाली, "तिच्या पेल्याचा राग मला बी आलाय. पर तिच्या पोरानं काय केलतं? ते का गाळायचं?" आणि जीपमध्ये बसल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिली.

दुसरा नियम सासूचा. सून बोलत असताना सासू, दीर, नवरा कुणीही ऐकू येईल इतक्या अंतरात असता कामा नये. बाकीच्या टीम दार लोटून घ्यायच्या. आक्का म्हणायची, "दाराला काय कान नस्त्यात? माणूसच ऐकण्याच्या पल्याड न्यायचा." त्याची तिनं युक्ती काढली होती. सर्वेत वजन-उंची आणि बीपीही मोजतात. आक्का अंगणातनंच हाक द्यायची, "आजी, तुमचं बीपी बघायचं हाय, हिकडं लिंबाखाली या, सावली हाय." आणि मला डोळ्यानं खूण. मी आजींच्या दंडाला पट्टा बांधायची, सोडायची, परत बांधायची. "जरा जास्त दाखवतंय, थोडं बसा, परत बघू." आजी खूश. इतक्या वर्षांत त्यांच्या तब्येतीची एवढी काळजी कुणी केलेली नसायची. तिकडं आत आक्का सुनेशेजारी जमिनीवर बसून शेंगा फोडू लागायची, आणि हळूहळू विचारायला सुरुवात करायची. टीममध्ये मला बीपीवाली म्हणत.

आणि विचारायची कसं? टॅबवर प्रश्न कानडीत आणि इंग्रजीत. एवढी मराठी गावं, पण मराठीचं बटण नाही. प्रत्येक पोरगी दारात उभी राहून मनातल्या मनात आपापलं भाषांतर करायची. एकीचा प्रश्न एक, दुसरीचा दुसरा. प्रशिक्षणात आक्कानं उठून हे सांगितलं होतं. मराठी प्रश्न छापून द्या, पोरींना फॉर्मावर नाही तर दिवसावर पगार द्या, एका दिवसात घरं कमी द्या, आणि तपासायला आमच्याच कंपनीचा माणूस नको, बाहेरचा पाठवा. बंगळूरहून आलेला कोऑर्डिनेटर हसून म्हणाला, "मॅडम, सजेशन मेल करा." तिनं केलं. उत्तर नाही. परत केलं. मग ती आम्हाला दर सकाळी जीप सुटायच्या आधी रस्त्याकडंला उभं करून प्रश्न मराठीत म्हणून घ्यायची, सगळ्यांचा शब्दाला शब्द जुळेपर्यंत. येणारेजाणारे बघायचे. आम्हाला लाज वाटायची. तिला बिलकूल नाही.

पण तिचा खरा प्रश्न कुठल्याच टॅबवर नव्हता. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. पोर माहेरातच गेलं तर ते माहेरातच राहतं. पोरगी रिकामी सासरी येते, चार दिवस कुणी काही बोलत नाही आणि मग ते पोर झालंच नव्हतं असं घर वागायला लागतं. पुढं कुणी "मुलं किती?" विचारलं की ती जिवंत असलेली सांगते. खोटं बोलत नाही ती. तिच्या सासरात तेवढीच झालेली असतात. म्हणून आक्का मुलं विचारतच नसे. ती वाटा विचारायची. "पयल्यांदा म्हायेरला कवा गेलतीस गं? पावसात का उन्हाळ्यात? न्यायला कोण आलतं, भाऊ?" बाई खुलायची. माहेराच्या वाटेवर कुठली बाई खुलत नाही? आणि मग आक्का शेंग फोडता फोडता, मान वर न करता विचारायची, "परत आलीस तवा संगं कोण होतं?"

ह्या एका प्रश्नाला मी बायकांचे हात थांबलेले बघितलेत. पुढं जे यायचं ते आक्का टॅबवर भरायची, प्रत्येकाचं वेगळं, नाव ठेवलेलं असलं तर नाव विचारून. बाई म्हणायची, "त्येचं काय करायचं आता, गेलेलं हाय ते." आक्का म्हणायची, "गेलं हाय पर झालतं न्हवं?"

ती सगळ्यात जास्त चिडलेली मी आमच्याच बाजूच्या एका गावात बघितली. घर खाऊनपिऊन सुखी, मालक सीमा चळवळीत काठ्या खाल्लेला म्हातारा, सगळे आबा म्हणायचे. आक्कानं विचारलं, घरात राहतं कोण कोण? आबांनी सुरुवात केली. थोरला, त्याची बायको, दोन पोरं. मधला, त्याची बायको. धाकटा. आक्का लिहीत होती आणि घरभर बघत होती. घरात चपलांचे जोड मोजके. ती म्हणाली, "आबा, काल रातच्याला हितं झोपलं कोण कोण?"

"समदीच झोपली म्हनून लिव्ह की," आबा म्हणाले. "थोरला पुण्याला असतोय, मधला गोव्याला. पर घर हितलंच हाय न्हवं? हे मोजाय लागल्यात ते कशापाय, आमाला कळतंय. मराठी माणसाचा आकडा हितं कमी दिसाय नको."

"आबा, ह्या सर्वेत भाषेची मोजणी न्हाय."

"तसंच सांगत्यात," आबा म्हणाले.

आक्का काही परकी नव्हती. निपाणीची पोरगी, मोर्च्यात आईच्या कडेवर बसून गेलेली. ती हसली असती आणि समजावलं असतं. पण तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात एक बाई दिसली, पस्तिशीची, हातात पीठ. आक्का म्हणाली, "ह्या कोण?"

"ती व्हय, आमची पोरगी. दोन वर्सं झाली आलीया. तिचं लिव्हू नगा, तिचं नाव तिकडं असंल, सासरात."

आक्कानं चष्मा काढला. मी मनात म्हटलं, झालं आता. पण ती "परत सांग" म्हणालीच नाही. म्हणाली, "आबा, पुण्यातला तुमचा पोरगा पुण्यात मोजत्यात. त्येला हितं परत मोजून तुमी दोनदा जिता केला. आन जी तुमची भाकरी थापती, तिला तिकडची माणसं म्हणत्यात गेली, आन तुमी म्हणताय तिकडं असंल. मग ही हाय कुठं? आकडा कमी हुईल म्हणून भ्याताय न्हवं? तर एक आकडा तुमच्या सैपाकघरात हुबा हाय, त्यो तुमीच खोडलाय." आबांचं तोंड उतरलं. त्या बाईनं पिठाचा हात पदराला पुसला आणि येऊन आक्काच्या शेजारी बसली. मी आबांना लिंबाखाली नेलं आणि त्यांचं बीपी बघितलं. त्या दिवशी मात्र खरंच वाढलेलं होतं.

परतताना आक्का जीपच्या खिडकीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं रागात आहे. आताही तसंच वाटतं, फक्त तो राग एकट्या आबांवर नव्हता.

मग ते कणकुंबीकडचं गाव आलं.

ते गाव आमच्याकडं नव्हतं, दुसऱ्या टीमला दिलेलं. पण तिथला सुपरवायझर मधेच सोडून गेला आणि गावाचं काम तपासून सही करायचं आक्कावर आलं. तिनं ऑफिसात बसून टॅबवरचे फॉर्म चाळले आणि मला हाक मारली. "हे बघ. गावात पंधराची पोरगी एक बी न्हाय. समद्या चौदाच्या. आन चाळिशीपुढची बाई न्हाय, समद्या पन्नासच्या." मला लगेच कळलं. ज्यानं हे काम केलंय त्यालाच कळतं असं नाही, कुणालाही कळेल. पंधराच्या आतली किंवा एकोणपन्नासच्या पुढची बाई असली की तिचा लांबलचक फॉर्म भरावा लागत नाही. थोडं वय हलवलं की तास वाचतो. शिवाय गावात एक बाळ मेलेलं नाही. पावसाळ्यात जिथं दिवसदिवस गाडी पोचत नाही, तिथं एक नाही. आक्का म्हणाली, "चल, बघून येऊ."

गाव म्हणजे चार घरं रस्त्याला आणि बाकीची जंगलात शेताशेतावर विखुरलेली. रस्त्याच्या घरातल्या माणसांनी सांगितलं, पोरं आलती, एका ठिकाणी बसली, आम्हालाच सगळ्यांचं विचारलं आणि गेली. आम्ही पायवाटेनं आत गेलो. लक्ष्मी म्हणून एक बाई भेटली, गोठ्यात शेण काढत होती. तिशीच्या थोडी पुढची असेल. टॅबवर तिचं वय पन्नास लावलेलं. आक्कानं तिचं टोपलं एका बाजूनं धरलं, दोघींनी खड्ड्यावर नेऊन ओतलं, आणि तिथंच एका दगडावर बसल्या. मी तिच्या दिराला बीपीसाठी लांब नेलं. मला नंतर आक्कानं जे सांगितलं तेवढंच मी सांगते. लक्ष्मीचं माहेर गोव्याच्या हद्दीत. पहिल्यांदा गेली ती रिकामी परत आली. दुसऱ्यांदा पोचायलाच मिळालं नाही, पावसात वाटेवरच झालं आणि गेलं. आता एक पोरगा आहे. लक्ष्मी म्हणाली होती, "मला कुणी इचारलंच न्हाय. तिकडं रस्त्यावरच दिराला इचारून गेली."

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या ऑफिसात कोऑर्डिनेटर समोर बसला होता. दोघं कानडीत बोलत होते, मी दारात. आक्का म्हणाली, हे गाव परत करायचं, पहिल्या घरापासून, मी माझ्या टीमला घेऊन जाते. तो म्हणाला, "मॅडम, मुदत संपली. स्क्रीनवर सगळे तालुके काम पूर्ण म्हणून हिरवे झालेत, एवढं एक गाव पिवळं दिसतंय. मलाही वरून फोन येतात." बोलताना तो खरंच थकलेला दिसत होता. तो वाईट माणूस नव्हता, हेच माझ्या डोक्यात जातं. वाईट असता तर सोपं होतं.

"एवढ्याशा गावानं काय फरक पडतो, मॅडम?" तो म्हणाला.

आक्कानं चष्मा काढला. "परत सांगा."

त्यानं हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुम्ही एवढं शिकलात, तुम्हाला मी काय सांगायचं," ती म्हणाली. "हे एक गाव नाही. निवडताना तुम्हीच सांगता, हे गाव अशा कितीतरी गावांच्या जागी उभं आहे म्हणून. इथं खोटं लिहिलं की त्या सगळ्या गावांत बाळं मेलीच नाहीत. मग तिथं नर्स कशाला, गाडी कशाला, रस्ता कशाला? कुणी विचारलं तर तुम्ही आकडा दाखवाल. माझी सही असलेला."

"सही नाही केली तर तुम्हाला ठेवता येणार नाही."

"मग नका ठेवू," आक्का म्हणाली. तिनं पर्समधून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, टॅब चार्जिंगला लावला, आणि जाताना पंख्याचं बटण बंद केलं, कारण तिच्या बाजूला आता कुणी बसणार नव्हतं.

त्या संध्याकाळी टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ आली, अमक्यानं तमक्याला काढून टाकलं अशी. बस. इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलेल्या बाईला निरोप द्यायला तेवढी ओळ पुरली. कुणी एक चकार शब्द टाकला नाही. दोन दिवसांनी बेळगावातल्याच दुसऱ्या एका सुपरवायझरनं सही केली. तो त्या गावाला गेला नव्हता. आक्काचा मला फोन आला. "गेलं का ते गाव वर?"

"गेलं, आक्का."

मग म्हणाली, "म्हंजे लक्ष्मीची ती दोन झालीच न्हाईत." आणि फोन ठेवला.

मी महिनाअखेरीला ते काम सोडलं आणि दवाखान्यात लागले. आक्का निपाणीला घरी पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागली. निपाणीकडं जाणं झालं की मी तिच्याकडं जायची. ती सर्वेचं नाव काढत नसे. पेपरात कुठल्या पाहणीचे आकडे आले की पेपर घडी करून कपाटाखाली सरकवायची, न वाचता.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला निपाणीला गेले आणि दुपारी तिच्याकडं टेकले. आक्का, तिची म्हातारी आई आणि मी, तिघी बोलत बसलो होतो. दारात एक पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात धूळ, ओढणीनं तोंड पुसत. "आक्का, सर्वे आहे सरकारचा. तुमचं घर निवडलंय." आयुष्यभर आक्का दुसऱ्यांच्या दारात उभी राहिली, पण तिचं स्वतःचं घर कधी निवडलं गेलं नव्हतं. तिनं त्या पोरीकडं असं बघितलं की मला वाटलं आता हिची धडगत नाही.

पोरीनं उंबऱ्यातनंच सुरुवात केली. घरात कोण कोण, पाणी नळाचं का, संडास आहे का. मग तिनं आक्काच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि टॅबवर बोट नेत म्हणाली, "तुमचं वय पन्नासच्या वरच की न्हाय?"

आक्कानं चष्मा काढला.

"परत सांग."

"पन्नास... लिहू का?"

"एकोणपन्नास," आक्का म्हणाली. "दाखला दाखवू?"

पोरीचं तोंड पडलं. मला तिचा राग आला आणि कीवही आली. लांब फॉर्म, दुपारचं ऊन, आणि अजून किती घरं कुणास ठाऊक. आक्का काच पुसत तिच्याकडं बघत होती. मला वाटलं होतं ती आता त्या पोरीला धरून सगळ्या कंपनीचा, कोऑर्डिनेटरचा, हिरव्या स्क्रीनचा हिशेब करणार. केला असता तर मीही साथ दिली असती. पण ती म्हणाली, "किती घरं दिल्यात आज?"

"लई दिल्यात, आक्का."

"देणाऱ्याला मी वळखते," आक्का म्हणाली. आवाजात राग तसाच होता, पण तो त्या पोरीवर नव्हता. "आत ये. चप्पल काढून आत ये. खुर्ची नगं, हितं खाली बस माझ्याजवळ."

म्हातारी उठली. "चा ठेवते बाई."

"चा न्हाय, आई. चा समदं झाल्यावर. पाणी दे तिला."

पोरगी पाणी पिली. टॅब मांडीवर घेतला आणि वाचायला लागली, "तुम्हाला एकूण मुलं किती..."

"असं न्हवं गं इचारायचं," आक्का म्हणाली. "थांब. मी सांगते तसं इचार. आदी इचार, म्हायेरला कवा आलतीस."

मी आक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. चष्मा पुसून झाला होता, तरी तिनं तो डोळ्यावर चढवला नव्हता, मांडीवर ठेवला होता. आणि डाव्या हातानं, मान न वळवता, तिनं मला एक खूण केली. अंगणातनं ती मला करायची तीच.

मी उठले. म्हातारीचा हात धरला. "आजी, चहाला दूध लागंल न्हवं? चला, कोपऱ्यावरनं घेऊन येऊ."

"दूध हाय की घरात," म्हातारी म्हणाली.

"ताजं आणू. चला."

गल्ली रिकामी होती. दुकानाच्या पायरीवर सावली होती, तिथं मी म्हातारीला बसवलं आणि दूध घेतलं. पिशवी हातात धरून तिच्या शेजारी बसले. घराचं दार दिसत होतं, उघडंच होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. म्हातारी बराच वेळ दाराकडं बघत होती. मग हळू आवाजात मला म्हणाली, "त्ये बी इचारत्यात व्हय? हिकडं आली तवा संगं कोण होतं, ते?"

"व्हय, आजी."

म्हातारीनं मान हलवली, लुगड्याचा पदर नीट केला आणि पायरीवर मागं सरकून भिंतीला टेकून बसली.

"मग ऱ्हा बसून," ती म्हणाली. "येळ लागंल."